तिसरीतली सरपंच

पंचफुलाबाई मंडपात सतरंजीवर पार पुढं सरकून बसली, तरी नातीनं वळून बघितलं नाही. सृष्टी बघत होती शाळेतल्या राजकन्या मॅडमकडं. मॅडम हसल्या की ही हसायची, मॅडमनी मान हलवली की हिची मान हलायची. आज हिला नऊवारी नेसवली कुणी? आजीनं. वेणी घातली कुणी? आजीनं. आणि पोरगी बघती कुणाकडं, तर लातूरकडून बदलून आलेल्या, धड अंबाडा घालता येत नाही अशा कालच्या पोरीकडं.

वर्षभर घरात एकच चाललं होतं, मॅडम म्हणल्या. मॅडम म्हणल्या, ओला कचरा वेगळा टाका. मॅडम म्हणल्या, नळावर रांगेत उभं राहा. भगवानराव चाळीस वर्षं ओट्यावरून रस्त्यावर तंबाखू थुंकत आले आणि पंचफुलाबाई चाळीस वर्षं त्यांना बोलत आली. भिंतीला तरी काही ऐकू गेलं असेल, नवऱ्याला नाही. सृष्टीनं एकदाच सांगितलं, आबा, रस्ता सगळ्यांचा असतो, मॅडम म्हणल्या. आबा मुकाट उठून मोरीकडं गेले. त्या दिवशी पंचफुलाबाईला जेवण गोड लागलं नाही.

मग मॅडमनी तिसरीच्या पोरांना ग्रामपंचायत शिकवायला घेतली. बुटाच्या खोक्याची मतपेटी केली, नखाला स्केचपेनची शाई लावली. एकोणीसपैकी अकरा मतं सृष्टीला पडली आणि ती वर्गाची सरपंच झाली. आठ दिवसांनी साऱ्या गावासमोर पोरांची ग्रामसभा भरवायची ठरली.

पंचफुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. गावात ग्रामपंचायत शिकवायची आणि तिला विचारायचं नाही? ह्या गावची पहिली बाई सरपंच कोण, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पाण्याच्या टाकीवर आजही तिचं नाव आहे. पाच वर्षं तिच्या सहीवाचून गावात खडीची एक पाटी पडली नव्हती. दुसऱ्यांना कचेरीत खेटे घालावे लागतात, तिच्याकडं कचेरी चालत यायची. शिपाई रजिस्टर घेऊन थेट चुलीपाशी यायचा आणि ती पिठाचे हात पुसून सही ठोकायची. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, पण सही अशी वळणदार की ग्रामसेवक बघत राहायचा. त्या मॅडमनं जन्मात एका ठरावावर तरी सही केली होती का?

त्या दिवसापासून ती रोज दिवेलागणीला सृष्टीला घेऊन बसली. मॅडमचं पुस्तक राहू दे तिकडं, म्हणाली, सरपंचकी मी केली हाय, मी सांगते. सही कुठं करायची, पदर किती पुढं घ्यायचा, साहेब आले की चहा कधी पाठवायचा, सगळं सांगितलं. पोरगी हनुवटीला हात लावून ऐकायची. एकदा तर मॅडमनी लिहून दिलेला कागद तिनं बाजूला सारला आणि म्हणाली, आजी, मग पुढं? वर्षभराची जळजळ तेवढ्या एका शब्दानं निवली. आता ह्या पोरीनं चारचौघांत एकदा आपलं नाव घ्यावं, एवढीच पंचफुलाबाईची इच्छा उरली.

आणि आज मंडपात पुन्हा पहिले पाढे. पोरगी मॅडमच्या तोंडाकडं बघत उभी.

सभा सुरू झाली. समोर गावातली माणसं खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. एका पोरीनं उठून तक्रार मांडली, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. मॅडमनी टेबलामागच्या खुर्चीकडं हात केला. सरपंचांनी बसावं आणि निर्णय द्यावा.

सृष्टी गेली, पण बसली नाही. पहिल्या रांगेत तिचा चुलतभाऊ गोलू बिस्कीट खात होता. अंगणवाडीतलं पोर, त्याला मतसुद्धा नव्हतं. तिनं त्याचा दंड धरून त्याला उठवलं, ओढत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. स्वतः पेन घेऊन बाजूला उभी राहिली. मंडपात हशा पिकला.

"सृष्टी, निवडून तू आलीस ना बाळा? मग खुर्ची तुझी आहे," मॅडम म्हणाल्या.

वर्षभरात पहिल्यांदाच सृष्टीनं मॅडमचं ऐकलं नाही.

"न्हाई मॅडम. तुम्हाला न्हाई माहीत. मला आजीनं शिकवलंय."

पंचफुलाबाईची मान ताठ झाली. साऱ्या गावादेखत, त्या बाईच्या तोंडावर. तिनं शेजारच्या उमादेवीला कोपरानं ढोसलं, ऐकलंस ना? मॅडमचा चेहरा पडला होता. तो तिनं डोळे भरून बघून घेतला.

काय शिकवलं आजीनं, मॅडमनी हळूच विचारलं.

"सरपंचबाईनं नुसती सही करायची. खुर्चीत घरचा बाप्या बसतो," सृष्टी म्हणाली. "माझी आजी पाच वर्षं सरपंच होती. एकदाबी बसली न्हाई."