सूट नाही

"उडव! अगं, उडव तो बॉल!"

कुंपणापलीकडचे सगळे आईबाप एका सुरात ओरडत होते. बॉल जिराफच्या पायाशी होता. जिराफ म्हणजे संघातली सगळ्यांत उंच पोर. तिच्या मागे स्वतःचाच गोल, आणि समोरून प्रतिस्पर्धी संघाच्या दोघी तिच्यावर चाल करून येत होत्या. सामना एक-एक असा बरोबरीत होता आणि संपत आला होता.

बाकावर ताई पुढे सरकून बसली. या मुलींना फुटबॉल शिकवणारी तीच. गेल्या शनिवारी अगदी याच जागी जिराफ हूल द्यायला गेली होती आणि बॉल गमावून बसली होती. त्यातून झालेल्या एका गोलाने संघ हरला.

त्या संध्याकाळी क्लबचे अध्यक्ष, टायरवाले काका, ताईला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुमचं ते ब्राझील टीव्हीवर छान दिसतं हो. आपल्या पोरींना नाही झेपत. पुढचा सामना जिंकलात तर ठीक. हरलात तर जुन्या सरांना बोलावतो. त्यांचं बरं होतं. बॉल दिसला की लाथ, विषय संपला."

माणूस वाईट नव्हता. सरावाला स्वतःचं टायरचं गोदाम त्यांनीच दिलं होतं. टायरांच्या थप्प्यांमधून जेमतेम दोन सायकली जातील एवढी वाट. ताई मुलींना त्या वाटेत खेळवायची, तेही लहान, जड, फारसा न उसळणारा बॉल देऊन. जागा अरुंद असली की पळून सुटका नाही. बॉल उसळत नसला की त्याला पायानेच बोलतं करावं लागतं. ब्राझीलची पोरं अशीच शिकतात, मग मोठं मैदान त्यांना अंगणासारखं वाटतं, असं ती सांगायची. तळव्याने बॉल ओढायचा, खांदा एकीकडे टाकायचा, निघायचं दुसरीकडे.

"टायर फसला पाहिजे," ती म्हणायची.

"ताई, टायर हलतच नाही. फसणार कसा?"

"म्हणून तर सराव त्याच्याशी. माणूस टायरपेक्षा लवकर फसतो."

तिचा कायदा एकच होता. हूल देताना बॉल गेला, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. घाबरून उडवला, तर मैदानाला एक फेरी. त्याला पुरवणी मुलींनीच जोडली: दुसरीला 'उडव' म्हणून जो ओरडेल, त्यालाही फेरी. कुणालाही सूट नाही.

पण गेल्या शनिवारी टाळ्या वाजल्या नव्हत्या. ताईच्याही नाहीत. हे तिच्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर, ताटावर बसताना. आठवडाभर जिराफ सरावाला येत राहिली, पण बॉल पायाशी आला की निखारा असल्यासारखा दुसरीकडे देऊन मोकळी व्हायची.

आणि आता तिने बॉलवर पाय ठेवला होता. नुसती उभी होती.

"उडव की गं, बाई!" अध्यक्ष कुंपण हलवत ओरडले.

ताई बाकावरून ताडकन उठली. "उडव!"

तो आवाज आपलाच आहे, हे तिला क्षणभर उशिराच कळलं.

जिराफने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग डावा खांदा खाली टाकला. पहिली मुलगी डावीकडे वाहवत गेली. जिराफने तळव्याने बॉल मागे ओढला, तशी दुसरी स्वतःच्याच वेगाने पुढे निघून गेली. जिराफने मान वर केली आणि मोकळ्या जागेत बॉल सरकवला. संघातली सगळ्यांत लहान, मुंगी, तिथे आधीच पोचली होती. तिने सणसणीत फटका मारला. बॉल गोलच्या आडव्या दांड्यावर आपटून बाहेर गेला.

शिट्टी वाजली. एक-एक. ना हार, ना जीत.

अध्यक्ष मैदानात आले. बरोबरी झाली तर काय, हे काही ठरलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला. "ताई, ते आपलं बोलणं झालं होतं ना..."

"ताई, मी ऐकलं हं." मध्येच जिराफ येऊन उभी राहिली. घामाने निथळत होती.

"काय ऐकलंस?"

"तू 'उडव' म्हणालीस. तुझी फेरी बाकी आहे."

ताईने आधी टाळ्या वाजवल्या, गेल्या शनिवारच्याही धरून, हात लाल होईपर्यंत. गळ्यातली शिट्टी काढून जिराफच्या हातात दिली आणि पळायला लागली.

पहिल्या कोपऱ्यावर वळताना मागून हशा उठला. आपल्यावरच असणार, असं तिला वाटलं. तिने वळून पाहिलं. जिराफ कमरेवर हात ठेवून अध्यक्षांसमोर उभी होती.

"काका, तुमचाही आवाज ओळखला मी."

"अगं, माझं पोट बघ!"

"कुणालाही सूट नाही, काका."

ताई हसू आवरत पळत राहिली. दुसरा कोपरा आला तेव्हा मागून जड पावलं वाजली आणि धापा टाकत हाक आली, "ताई, जरा हळू! तुम्ही शिकवणार, मी ओरडणार, म्हणजे आता दर शनिवारी पळायचंय. सवय व्हायला वेळ लागणार मला."