पोटाला वारं

"पोटाला वारं लागू दिऊ नगंस. माझं झालं ते झालं, ह्या घरात परत कुणाला फाडू दिऊ नगंस. उचल भंडारा."

सासूबाईंचा, चंद्राबाईंचा हा आवाज बावीस वर्षं हरणाबाईच्या कानात होता. सांगलीला त्यांचं पोट उघडलं, आत बघून तसंच शिवलं, आणि चाळीसाव्या दिवशी त्या गेल्या. वारं लागलं म्हणून गाठ पसरली, असं सगळी वाडी म्हणाली. मरणाआधी त्यांनी सांगितलं तसा हरणाबाईनं बिरोबाचा भंडारा उचलून शब्द दिला. रविवारचा उपास तिनं कधी मोडला नाही, तसा हा शब्दही नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत नाथाजीच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून जागच्या जागी आहे, आधी किमो देऊ, मग काढू, तेव्हा तिनं नवऱ्याला हाताला धरून घरी आणलं. नाथाजीही उठून आला. आईसमोर भंडारा उचलला तेव्हा तोही शेजारी उभा होताच.

सहा महिन्यांनी ती पुन्हा त्याच खुर्चीवर बसली. नाथाजी बाहेर बाकावर, पोट पाण्यानं टम्म. आता कापा, मी काही म्हणत नाही, असं ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी कंप्यूटरवरचा फोटो तिच्याकडे वळवला. गाठ यकृतापर्यंत पोचली होती. कापून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवाळीत काढली असती तर, हे हरणाबाईनं विचारलं नाही. तिनं सासूबाईंचं विचारलं. त्यांची वारं लागूनच पसरली ना?

"नाही हो मावशी. तेव्हा उघडल्याशिवाय आतलं नीट दिसायचं नाही. उघडलं की पसरलेलीच निघायची, म्हणून शिवून टाकायचे. आता आधी दिसतं. वेळेत आलेली कितीतरी माणसं पोटाची पिशवी काढूनही वर्षानुवर्षं जेवतायत."

मग त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. आईला झालं, मुलाला झालं, तेव्हा पेशंटला सख्खा भाऊ असेल, तर त्याची दुर्बिणीनं तपासणी करून घ्या म्हणाल्या.

परतताना एसटीत तिनं नाथाजीला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

"आईला तरी काय ठावं व्हतं," तो म्हणाला. "आपला अर्जुनाबी आर्धी भाकरी ठिवतुया म्हणं. त्येला घिऊन जा. भंडारा उचल." मग जरासा हसला. "सुईला लय भितंय त्ये. दावं लावून न्हे."

धाकटा भाऊ अर्जुना कडेगावकडं, उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. हरणाबाईनं सुनेला नाथाजीसाठी पेज करायला सांगितलं आणि देवापुढची भंडाऱ्याची पिशवी सोडली. पहिला शब्द कसा सोडवून घ्यायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं त्याच पिशवीतली चिमूट उचलली. त्याच बोटांनी चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. चिठ्ठी पिवळी झाली.

नाथाजी डोळे मिटून पडला होता. वारं लागू नये म्हणून तिनं त्याच्या पोटावरचं पांघरूण सारखं केलं, आणि कडेगावच्या वाटेला लागली.