बाबांची उंची

"चपला काढा आणि टाचा भिंतीला टेकवा," कोच म्हणाले.

बाबांनी मुद्दाम उंच टाचेच्या कोल्हापुरी घातल्या होत्या. नाइलाजानं त्या काढून ते भिंतीला टेकले. आईची उंची आधीच मोजून झाली होती; ती बाजूला उभी होती. खिडकीतून मैदान दिसत होतं. त्यांची चौदा वर्षांची लेक गोलपोस्टसमोर चेंडूवर झेपावत होती.

"आपल्याकडं आज जे पोर दांडगं दिसतं, त्याला निवडतात. युरोपात ते उद्या किती वाढेल हेही बघतात, म्हणून आईबापांना मोजतात. शिबिरासाठी निवडताना मीही तेच करतो," कोच टेप सरकवत म्हणाले. "ताईंची उंची कमीच भरली. तुमचीही जेमतेम पाच-दोन. अवघड आहे हो. गोलकीपरला उंची लागतेच."

आईनं बाबांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. बाबांनी दार लावून घेतलं.

"सर, आमची उंची धरू नका," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आम्ही तिला दत्तक घेतलंय. तिला अजून सांगितलेलं नाही. तेवढं तुमच्यापाशीच राहू द्या."

कोचनी टेप गुंडाळून ठेवली. "मग खेळावरच ठरवतो. येऊ दे तिला शिबिराला."

बाबांनी दार उघडलं, तर लेक समोरच उभी. अंगभर माती, धाप लागलेली. हिनं ऐकलं तर नसेल?

"बाबा, घेतलं मला?"

"घेतलं."

"म्हणजे तुमची उंची भरली?"

"भरली," बाबा कसेबसे म्हणाले.

"बघ आई!" ती आईच्या गळ्यात पडत ओरडली. "तुला सांगत होते ना, मी बाबांवरच गेलेय!"