सुरेखाला प्रवेश नाही

"सुरेखा, रूम थ्री," रिसेप्शनवरची बाई म्हणाली आणि सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या त्या क्लिनिकमध्ये एकदम अकरा पेशंट उभे राहिले. त्यात पायाला प्लास्टर घातलेला एक दाढीवाला बॉक्सिंग कोचही होता. प्रत्येकाच्या फोनवर क्लिनिकची वेबसाइट म्हणत होती : वेलकम, सुरेखा.

ती वेबसाइट धनेशने लिहिली होती आणि कालच दुपारी सुरू केली होती. आता तो काउंटरमागे लॅपटॉप उघडून घामाघूम बसला होता. महिनाअखेरीस त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, संपत होता. तो पुढे वाढवायचा की नाही हे ठरवणारी त्याची मॅनेजर अनघा हाताची घडी घालून मागे उभी होती.

"साइटच्या टेस्ट चालवल्या होत्यास?"

"सगळ्या. आत्ताही सगळ्या पास होतायत."

ते खरं होतं. वेबसाइट माणसाला कुकीवरून ओळखते. कुकी म्हणजे तिनेच फोनमध्ये ठेवलेली नावाची चिठ्ठी. टेस्ट करताना खरा पेशंट नसतो, म्हणून खोटा पेशंट बनवायचा, त्याच्या हातात खोटी कुकी द्यायची आणि साइट काय करते ते बघायचं. खोट्या कुकीवर काहीतरी नाव लागतं. धनेशने सुरेखा लिहिलं होतं.

सुरेखा म्हणजे त्याच्या सासूबाई. सांगलीच्या निवृत्त गणित शिक्षिका. सेंगकांगच्या फ्लॅटवर तीन आठवड्यांसाठी आल्या होत्या, आता दहावा चालू होता. धनेशची खुर्ची, टीव्हीचा रिमोट आणि रविवारची झोप त्यांच्या ताब्यात गेली होती. घरात त्याने कधी चकार शब्द काढला नाही. टेस्टना नावं देताना मात्र मन मोकळं केलं. 'मुदत संपली, सुरेखाला बाहेर काढा.' 'सुरेखा परत आली तर ओळख दाखवू नका.' 'सुरेखाने कितीही विनवलं तरी प्रवेश नाही.' अशा सत्तेचाळीस टेस्ट. एकेक पास झाली की त्याला गार वाटायचं.

"धनेशराव, या कोण सुरेखा?"

धनेशने वळून पाहिलं. आज सासूबाईंचा गुडघा दाखवायचा होता आणि त्या कधीच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावला. पेपर तपासावेत तशी स्क्रीनवर बोट ठेवून सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. अनघाने नजर छताकडे वळवली.

"आणि या सगळ्या पास?"

"हो, आई."

"पण मी तर गेलेली नाही. तुमच्याच घरी आहे." त्यांनी चष्मा काढला. "मग तुम्ही तपासलंत काय?"

धनेशने लॅपटॉप पुढे ओढला. त्याने यादीतली पहिली टेस्ट उघडली. पेशंटची विनंती खोटी होती, कुकी खोटी होती, आणि घाईत साइटचं उत्तरही त्याने खोटंच लिहून ठेवलं होतं. खऱ्या साइटला कुणी काही विचारलंच नव्हतं. सत्तेचाळीस वेळा त्याने स्वतःच प्रश्न विचारला होता आणि स्वतःच 'हो' म्हटलं होतं. तिकडे खोट्या कुकीची एक ओळ खऱ्या साइटमध्ये तशीच राहून गेली होती, म्हणून येणारा प्रत्येकजण सुरेखा ठरत होता. त्याने ती ओळ पुसली.

पाच मिनिटांत बॉक्सिंग कोचला त्याचं नाव परत मिळालं. अनघाने हाताची घडी सोडून कॉफी मागवली. दोन.

"सुरेखा, रूम थ्री."

आता एकट्या सासूबाई निघाल्या. धनेशने मान खाली घालून यादीतली नावं बदलायला घेतली. डॉक्टरांच्या दारापाशी त्या वळल्या.

"नाव माझंच राहू द्या, धनेशराव. मी सहजासहजी जात नाही. तपासायला बरी पडेन."