फाइल जिथे जाते

त्या सकाळी ताईंची फाइल ताईंच्याच फोल्डरमध्ये सेव्ह झाली आणि ताई रडू लागल्या.

मिस्त्री त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. तो खरा मिस्त्री नव्हे. कार्यालयातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होते आणि काही बिघडल्याखेरीज त्याची कोणाला आठवण होत नसे, म्हणून हे नाव. रडणे त्याच्या अपेक्षेत नव्हते. निदान एक चहा मिळेल, एवढीच त्याची अपेक्षा होती.

त्या कार्यालयात यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या जात. पंपाचे झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा, ओल्या हाताने बटण दाबू नका, असली वाक्ये घडवण्यात तिथल्या माणसांची उमर गेली होती. यंदा वरून नियम आला: प्रत्येकाचे लेखन सर्व्हरवर त्याच्या नावाच्या फोल्डरमध्येच गेले पाहिजे, आणि ज्याचा फोल्डर रिकामा, त्याचे पद रद्द. नियम करणाऱ्यांनी पुस्तिका वाचल्या नव्हत्या. त्यांना फायली मोजता येत होत्या.

ताईंचा फोल्डर रिकामा होता. त्यांच्याइतके लिहिणारे दुसरे कोणी नाही, हे टेबलाटेबलाला ठाऊक होते. उलट गुरुजींचा फोल्डर ओसंडून वाहत होता. गुरुजी म्हणजे त्यांचे विभागप्रमुख. ताईंना हाताला धरून लिहायला शिकवले ते त्यांनीच. गेल्या हिवाळ्यापासून ते घरी अंथरुणाला खिळले होते. कागदोपत्री मात्र घरून काम करत होते.

आदल्या दिवशी साहेबांनी मिस्त्रीला बोलावून घेतले होते. "उद्या दुपारी मला वर एक नाव पाठवायचंय. ताईंचं पाठवायला मन धजत नाही हो. पण रिकाम्या फोल्डरचं मी काय सांगू त्यांना? कारण शोधा."

कारण तासाभरात सापडले. ताईंच्या कॉम्प्युटरवरची फाइल कुठे सेव्ह व्हावी हे ठरवणारी सेटिंग रोज दोनदा बदलत होती. संध्याकाळी निघताना ताई तिथे आपला फोल्डर लावत. पहाटे कधीतरी, गुरुजींच्या घरून आणि गुरुजींच्या लॉगिनने, तिथे पुन्हा गुरुजींचा फोल्डर येई. विभागप्रमुख म्हणून तेवढा अधिकार त्यांच्याकडे राहून गेला होता. मग ताई दिवसभर लिहीत आणि लिहिलेले सगळे गुरुजींच्या नावावर चढे.

दोघांचे बोलणे दोन वर्षांपासून बंद होते. एका पुस्तिकेतली गुरुजींची सूचना चुकीची आहे, असे ताई भर बैठकीत म्हणाल्या होत्या. सूचना चुकीचीच होती. म्हणून तर अबोला इतका टिकला.

आजारी माणूस, पदाची धास्ती आणि जुना राग. मिस्त्रीच्या मते एवढे पुरेसे होते. ताई सकाळी आल्या आल्या ती सेटिंग पुन्हा का बदलत नाहीत, ही शंका त्याच्या मनात येऊन गेली होती. पण थकलेला माणूस पटलेल्या पहिल्या उत्तरावर थांबतो. बाईंच्या लक्षात येत नसेल, असे त्याने ठरवले. सगळे घरी गेल्यावर त्याने गुरुजींचा तेवढा अधिकार काढून घेतला, ताईंचा फोल्डर कायमचा लावून टाकला आणि दिवा मालवला.

"अहो ताई, रडायचं काय त्यात?" आता तो म्हणाला. "नोकरी वाचली तुमची. दुपारच्या आत जुन्या फायलीपण इकडे वळवून देतो."

ताईंनी मागे वळून पाहिले नाही.

"कधी गेले?"

"कोण?"

"गुरुजी."

मिस्त्री गडबडला. "गुरुजी? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? समोर दिसतंय की." ताईंनी पडद्यावरच्या स्वतःच्या नावाकडे बोट केले. "माझा फोन ते घेत नाहीत. मी घरी गेले, तर काकू दारातूनच परत पाठवतात. म्हणून मी संध्याकाळी हे बदलून जायचे. सकाळी त्यांनी उलटं केलेलं दिसलं की कळायचं, म्हातारा उठून बसला, चष्मा शोधला, मला चार शिव्या घातल्या आणि बटणं दाबली. एक दिवस चुकवला नाही हो त्यांनी. आणि आज हे मी ठेवलं तसंच."

"पण नोकरी जात होती तुमची!"

"गेली असती तर दुसरी मिळाली असती. पंप काय, सगळीकडे असतात."

 मिस्त्रीने बाजूची खुर्ची ओढली, ताईंच्याच कॉम्प्युटरवर सर्व्हरची नोंद उघडली आणि त्यांना दाखवली.

तिथे पहाटेपासूनच्या ओळी होत्या. गुरुजींच्या लॉगिनने सेटिंग बदलण्याचा प्रयत्न, नाकारला. पुन्हा प्रयत्न, नाकारला. ओळींनी पडदा भरून गेला होता. दोघे पाहत असतानाच तळाशी आणखी एक ओळ उमटली.

"अजून भांडतायत," ताई म्हणाल्या. त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसले. "द्या हो, त्यांचं त्यांना परत द्या. साहेबांना माझं नाव सांगा."

मिस्त्री त्या ओळी वाचत राहिला. प्रत्येक ओळीच्या शेवटी सर्व्हरने नकाराचे कारण नोंदवले होते. ते काल संध्याकाळी त्याने स्वतः निर्माण केले होते आणि दोनच शब्दांचे होते: अधिकार नाही.