शून्यावरची चांदणी

आकाशपाळण्यात मीटरपेक्षा बुटकी मुलं घेत नाहीत, म्हणून कारखान्यातल्या तपासनिसानं सुट्टीच्या दिवशी लेकीला तिथल्या ग्रॅनाइटच्या टेबलावर उभं केलं. उंची मोजायच्या डिजिटल हाइट गेजचं टोक टेबलाला टेकवून त्यानं शून्य धरलं, मग तेच टोक तिच्या डोक्याला टेकवलं. मीटरला एक दशांश मिलिमीटर कमी! लेक रडकुंडीला आली. “अहो, पाळणेवाला एवढं बघणार आहे का?” सोबत आलेली बायको करवादली. “कमी ते कमीच,” तो म्हणाला. पण त्यालाही राहवेना. शून्य तपासायला वाकला, तर टोक टेकवलं होतं त्याच जागी कागदाची चांदणी! “मघाशी मीच चिकटवली,” लेक मुसमुसली. “गेजला शाबासकी म्हणून!” म्हणजे शून्यच चांदणीवर चढून बसलं होतं, तेवढीच लेक कमी भरली. त्यानं चांदणी सोडवली, टेबल पुसलं, नवं शून्य धरलं. पूर्ण एक मीटर! मायलेकी नाचल्या. चांदणी त्यानं लेकीच्या डोक्यावर चिकटवली, मोजून झाल्यावरच.