जास्वंदीची वाटेकरी

फ्लोरिडात मुलाकडे राहायला आल्यापासून कुमुदताईंच्या गणपतीला लाल फूल मिळालं नव्हतं. सकाळ झाली की एक घोरपडीसारखी हिरवी इग्वाना जास्वंदीवर चढायची आणि कळ्यांसकट सगळं फस्त करायची. मागच्या कालव्याचा काठही तिच्या भाऊबंदांनी पोखरला होता.

“मरत का नाहीस मेले!” माघी गणेशजयंतीच्या आदल्या संध्याकाळी ताई करवादल्या.

सकाळी कडाक्याची थंडी होती. झाडावर टपोरं लाल फूल उमललेलं, आणि खाली इग्वाना पाय वर करून पडलेली! ताई घाईने तिच्याजवळ गेल्या. अंगावरची शाल त्यांनी तिच्यावर पांघरली.

“ऋषी, अरे माझा तळतळाट लागला हिला!”

“मेली नाही गं आई,” मुलगा हसला. “गारठून झाडावरून पडलीय. ऊन लागलं की पळेल.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. पुन्हा अंघोळ करून त्यांनी फूल खुडलं, गणपतीला वाहिलं, खणखणीत आरती म्हटली.

दुसऱ्या दिवशी निर्माल्य झाडाच्या मुळाशी ठेवायला गेल्या, तर बाईसाहेब भिंतीवर ऊन खात हजर.

“घे मेले,” ताईंनी कालचं फूल पुढे केलं. “पण रोज आधी देवाला, मग तुला.”